डागडुजी की जीर्णोद्धार?

१९७२ साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावी, 'अँडी कॅप्स टॅव्हर्न' नावाच्या बारमध्ये एक लाकडी खोकं आणून ठेवलं गेलं. आत दुकानातून पंचाहत्तर डॉलरला विकत आणलेला हिताचीचा कृष्णधवल टीव्ही, हाताने सोल्डर केलेल्या चिपांचं जाळं आणि नाणी पडायला एक साधा डबा. खेळाचं नाव 'पाँग'. थोड्याच दिवसांत बारमधून निरोप आला, मशीन बंद पडलंय. ते बनवणारा अटारी कंपनीचा तरुण इंजिनिअर अ‍ॅलन अल्कॉर्न दुरुस्तीला गेला, त्याने झाकण उघडलं, आणि पाहतो तर डबा नाण्यांनी भरून ओसंडत होता. नवं नाणं पडायला जागाच उरली नव्हती. डबा रिकामा केला, मशीन सुरू झालं.

आर्केडच्या इतिहासातली ही सर्वांत प्रसिद्ध दुरुस्ती. खर्च शून्य. मला ती दोन कारणांनी आवडते. एक म्हणजे, ज्या खोक्यांना आज संग्राहक देव्हाऱ्यात बसवतात त्यांचा मूळपुरुष स्वतःच जुळवाजुळवीतून, घरगुती टीव्ही कापून तयार झालेला होता. आणि दुसरं, बिघाड कुठे आहे हे न बघता कोणी नवा बोर्ड घालायला निघालं असतं, तर पैसे गेले असते आणि मशीन तरीही बंदच राहिलं असतं.

हे पुस्तक जुनी आर्केड कॅबिनेट घरच्या घरी, बेताच्या पैशांत पुन्हा चालती करण्याविषयी आहे. लेखक मूळचे पुण्याचे, गेली बरीच वर्षं अमेरिकेत. तिथल्या आपल्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवार खपून त्यांनी मिडवे कंपनीचा एक 'पॅक-मॅन' उभा केला आणि त्या काळात ठेवलेल्या वहीचं हे पुस्तक झालं. प्रस्तावनेसाठी त्यांनी मला गाठलं, त्याला माझ्या लेखनापेक्षा माझे मामा जास्त कारणीभूत असावेत. मामांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि शाळेच्या सुट्ट्या मी तिथल्या स्टुलावर काढल्या. "आधी मीटर, मग सोल्डर" हे मामांचं वाक्य मी लेखकांना कधीतरी फोनवर सांगितलं होतं. पुस्तकात ते कुठेही छापलेलं नाही, पण पानोपानी पाळलेलं आहे.

या विषयात पहिल्यांदाच येणाऱ्याने एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. आर्केड कॅबिनेट ही एक वस्तू दिसते, पण त्यात पाच धंद्यांचं काम एकत्र नांदत असतं. पहिला सुतार. बाजूच्या फळ्या प्लायवुडच्या किंवा भुसा दाबून केलेल्या बोर्डच्या असतात. बोर्डाला तळाशी ओल लागली की तो पोळीसारखा फुगतो. फळीच्या कडेला मधोमध खाच असते आणि तिच्यात प्लास्टिकची टी-मोल्डिंग पट्टी ठोकून बसवलेली असते. दुसरा टीव्ही मेकॅनिक. आतला मॉनिटर म्हणजे ट्यूनर नसलेला टीव्हीच, बहुधा १९ इंची पिक्चर ट्यूब, आणि 'पॅक-मॅन'सारख्या खेळांसाठी ती कुशीवर वळवून उभी बसवलेली. तिसरा इलेक्ट्रॉनिक्सवाला. खेळ राहतो तो बोर्डवर, ईप्रॉम नावाच्या चिपांमध्ये. या चिपांना वर काचेची खिडकी असते आणि तिच्यावर कागदी लेबल. अतिनील प्रकाश खिडकीतून आत गेला की चिपवरचं लिहिलेलं पुसतं, म्हणून ते लेबल शोभेचं समजून खरवडणाऱ्याला पश्चात्तापाची वेळ येते. चौथा वायरमन: पॉवर सप्लाय, अर्थिंग, नाण्याच्या दारापासून बटणांपर्यंत गेलेल्या तारांचा जुडगा. पाचवा पेंटर: बाजूंची चित्रं, काचेमागची छपाई आणि माथ्यावरची आतून उजळणारी पाटी, जिला 'मार्की' म्हणतात. एका माणसाला पाचही कामं चांगली येणं अवघड. म्हणून या छंदात घाई करणारा नेहमी आपल्याला येणाऱ्या कामापासून सुरुवात करतो आणि न येणाऱ्या कामात फसतो.

ही यंत्रं आली कशी, त्याचा धावता आढावा घ्यायला हवा, कारण दुरुस्तीचे सगळे वाद त्या इतिहासातूनच निघतात. १९७१ मध्ये 'कॉम्प्युटर स्पेस' आलं. ते बनवणाऱ्या नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी पुढच्या वर्षी अटारी काढली आणि 'पाँग' केला. या यंत्रांत प्रोसेसर नव्हता, सगळा खेळ तर्कचिपांच्या जोडणीतच होता. १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकाडो यांनी 'स्पेस इनव्हेडर्स' केला, इंटेलच्या ८०८० प्रोसेसरवर. शत्रूंची संख्या कमी होईल तसा खेळ वेगवान होतो, हे त्या खेळाचं वैशिष्ट्य. मुळात ते प्रोसेसरला कमी आकृत्या काढाव्या लागत असल्याने आपोआप घडत होतं, आणि निशिकाडोंनी ते तसंच राहू दिलं. १९८० मध्ये नामकोचे तोरू इवातानी यांचा 'पॅक-मॅन' आला. १९८१ मध्ये निन्तेन्दोचा 'डाँकी काँग'.

'डाँकी काँग'ची जन्मकथा या पुस्तकाच्या वाचकाने विसरू नये. निन्तेन्दोने 'रडार स्कोप' नावाच्या खेळाची कॅबिनेट अमेरिकेत पाठवली होती. त्यातली सुमारे २,००० विकलीच गेली नाहीत, गोदामात पडून राहिली. तोट्यातून निघायला कंपनीने शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराला सांगितलं, त्याच पेट्यांत बसेल असा नवा खेळ काढ. पेट्या जुन्या, बोर्ड बदललेले, चित्रं नवी. म्हणजे ज्याला आज 'मूळ अस्सल' म्हणून डोक्यावर घेतात ते पहिलं 'डाँकी काँग'च एक रूपांतर होतं. 'मिस पॅक-मॅन'चा उगमही असाच, अमेरिकेतल्या काही तरुणांनी 'पॅक-मॅन'च्या यंत्रात घालायला केलेल्या जोडसंचातून झालेला.

मग आला एकसारखेपणा. प्रत्येक कंपनीच्या तारा वेगळ्या असल्यामुळे खेळ बदलायचा म्हणजे वायरिंगच नव्याने करावी लागे. १९८५ च्या सुमारास जपानमधल्या उत्पादकांच्या संघटनेने ५६ टोकांची एक ठरीव जोडणी आणली. संघटनेच्या आद्याक्षरांवरून तिला 'जामा' म्हणतात. त्यानंतर बोर्ड उपसून दुसरा खुपसणं दहा मिनिटांचं काम झालं. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'ने मंदावलेल्या पार्लरांत पुन्हा गर्दी केली. पण जुन्या कॅबिनेटचं नुकसानही याच काळात झालं. मालकांनी बाजूंच्या चित्रांवर काळा रंग फासला, नव्या बटणांसाठी पॅनेलला भोकं पाडली आणि वर नव्या खेळाचं स्टिकर चिकटवलं. धंद्याच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नव्हतं. आजचा दुरुस्ती करणारा मात्र त्या काळ्या रंगाचा थर धीराने उतरवतो आणि खाली कधीकधी मूळ पिवळा 'पॅक-मॅन' सापडतो.

इथून या क्षेत्रातले पंथ सुरू होतात. मराठी वाचकाला ते समजावून सांगायला मला परका शब्द लागत नाही. आपल्याकडे देवळांच्या निमित्ताने हा वाद शंभरदा झालेला आहे. काळ्या पाषाणाचं देऊळ, गावाने वर्गणी काढली, जीर्णोद्धार झाला; शिल्पांवर ऑइलपेंट, गाभाऱ्यात टाइल्स, दारात स्टीलचा कठडा. गावाची श्रद्धा खरी, खर्चही मनापासून केलेला, आणि देऊळ मात्र हरवलेलं. आर्केडमध्येही प्रश्न तोच आहे: किती करायचं आणि कुठे थांबायचं?

पहिला पंथ जतनाचा. जे आहे ते टिकवायचं, चालू करायचं, पण खुणा पुसायच्या नाहीत. नाण्याच्या दाराभोवती हातांनी झिजलेला रंग, पॅनेलच्या कडेवर सिगारेटचे चटके, ट्यूबवर कायमचा भाजलेला चक्रव्यूह, हे सगळं यंत्राचं आयुष्य. दुसरा पंथ कारखान्यातून नुकतंच निघाल्यासारखं करणाऱ्यांचा. ते मूळ चित्रांचे स्टेन्सिल बनवून घेतात, बोर्डची फळी नवी कापतात, स्क्रूसुद्धा त्याच जातीचा शोधतात. यात कौशल्य अफाट आहे आणि पैसाही तसाच लागतो. तिसरा पंथ व्यवहारी लोकांचा: पेटी जुनी, आत साठ खेळांचा एकच बोर्ड, ट्यूबच्या जागी एलसीडी. चौथा पंथ यंत्राला देहापासून सोडवणाऱ्यांचा. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने 'मेम' हे सॉफ्टवेअर सुरू केलं आणि आर्केडचे हजारो खेळ साध्या संगणकावर चालू लागले. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आल्यावर हा मार्ग आणखी स्वस्त झाला.

चौथ्या पंथाला हलकं लेखण्याची चूक शुद्धतावादी नेहमी करतात. 'मेम' नसतं तर कितीतरी खेळांच्या चिपा पुसल्या गेल्यानंतर त्या भरायला मजकूरच उरला नसता. पण चौथा पंथ काय गमावतो, तेही पाहायला हवं. न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये आपल्या संग्रहात १४ व्हिडिओ गेम घेतले, त्यांत 'पॅक-मॅन' होता. प्रदर्शनात तो कॅबिनेटशिवाय, भिंतीतल्या पडद्यावर मांडला गेला. खेळाची रचना पाहावी, आठवणींचा उमाळा बाजूला ठेवावा, ही त्यामागची भूमिका होती. भूमिका विचारपूर्वक घेतलेली आहे, पण मला ती पटत नाही. मिडवेच्या उभ्या 'स्पेस इनव्हेडर्स'मध्ये पडदा थेट दिसतच नाही. तो खाली आडवा असतो, त्याचं प्रतिबिंब अर्ध्या आरशात पडतं आणि आरशामागे रंगवलेला चंद्र दिसतो. राक्षस चंद्रावर तरंगतात ते या काचेमुळे. 'पॅक-मॅन'ची काठी चारच दिशांना वळते. तिच्या जागी आठ दिशांची बसवली की गल्लीच्या वळणावर हात चुकतो आणि भूत गाठतं. हे खेळ चिपेत अर्धे असतात, उरलेले अर्धे लाकडात, काचेत आणि मनगटात.

आता पैशांविषयी, कारण या पुस्तकाचा खरा मुद्दा तिथे आहे. कमी पैसा ही या कामातली अडचण आहे असं आपण धरून चालतो. लेखकांचा अनुभव, आणि दुकानातला माझाही, उलटा आहे. खिसा भरलेला असला की माणूस मॉनिटर बंद दिसताच नवा मागवतो. खिसा हलका असला की तो मीटर लावतो. मग कळतं की पॉवर सप्लायवर पाच व्होल्ट बरोबर आहेत, पण जुनाट तारांतून बोर्डपर्यंत येताना ते साडेचारवर घसरतात. दोष कनेक्टरच्या काळ्या पडलेल्या टोकांत आहे, आणि ती घासायला काहीच पडत नाही. चित्र आक्रसलंय, डोलतंय? ट्यूब बहुधा ठीक असते, तीस-चाळीस वर्षांत इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकलेले असतात. चित्र ठोकल्यावर येतं नि जातं? ड्राय सोल्डर. बटण लागत नाही? जुन्या पात्यांच्या स्विचमध्ये व्हिजिटिंग कार्डाची पट्टी घालून दोनदा ओढली की संपर्क साफ होतो. ज्याला बदलणं परवडत नाही, तो शोधायला शिकतो, आणि शोधणारा कमीत कमी बदलतो. म्हणून गरिबाची डागडुजी पुष्कळदा श्रीमंताच्या जीर्णोद्धारापेक्षा मूळ वस्तूशी जास्त इमानी राहते. पहिल्या पंथाचं तत्त्वज्ञान असं घरखर्चाच्या वहीतून सिद्ध झालेलं मी इतरत्र वाचलेलं नाही.

याला एकच अपवाद, आणि तो लेखकांनी ठळक केला हे बरं झालं. जिथे जीव आहे तिथे काटकसर नाही. रंगीत पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो आत साठून राहू शकतो. मी आठवीत असताना बंद सेट म्हणून हात घातला आणि स्टुलासकट मागे पडलो होतो. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधून, तिचं दुसरं टोक ट्यूबच्या अर्थ पट्टीला लावून ट्यूबमधला साठलेला दाब कसा उतरवायचा ते दाखवलं आणि माझ्याकडून तेच दहा वेळा करून घेतलं. अनेक जुन्या मॉनिटरांना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर अनिवार्य असतो आणि अमेरिकी यंत्र आपल्या २३० व्होल्टवर थेट लावता येत नाही. ट्रान्सफॉर्मर, योग्य फ्यूज आणि अर्थिंग या तीन गोष्टी नव्या आणि चांगल्याच घ्याव्यात.

मराठी वाचकाचा या सगळ्याशी संबंध काय, असं कोणी विचारेल. ज्यांची शाळा नव्वदच्या दशकात झाली ते विचारणार नाहीत. कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ आपल्या पार्लरांत त्या नावाने कोणी ओळखलाच नाही. तो 'मुस्तफा' होता, त्यातल्या पिवळ्या टोपीच्या गड्याच्या नावाने. मी खेळलो ती खोकी जपानची नव्हती. स्थानिक सुताराने प्लायची ठोकलेली, वर सनमायका, आत घरगुती टीव्हीची ट्यूब. संग्राहकांच्या याद्यांत त्यांना जागा नाही. तरी 'पाँग'च्या पहिल्या पेटीची आठवण करा, म्हणजे ही खोकी त्याच घराण्यातली असल्याचं पटेल. लेखकांनी शेवटच्या भागात त्यांचीही दखल घेतली आहे आणि अशी पेटी सापडली तर तिचा 'परदेशी' मेकअप करू नका, असं बजावलं आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

हे पुस्तक आत्ताच का हवं? कारण वेळ थोडा आहे. पिक्चर ट्यूब आता बनत नाहीत, ज्या शिल्लक आहेत तेवढ्याच. बोर्डांवरच्या जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या गळतात आणि त्यांतला क्षार तांब्याच्या रेषा खातो. व्हिनेगरने तो निष्प्रभ करता येतो, पण वेळीच. कॅपकॉमच्या सीपीएस-टू बोर्डांत खेळ कुलूपबंद असे आणि त्याची किल्ली बॅटरीवर जगे. बॅटरी संपली की बोर्ड मरे, म्हणून तिला 'आत्मघाती बॅटरी' असं नाव पडलं. २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती किल्ली पुन्हा लिहिण्याची रीत शोधून जाहीर केली आणि मेलेले बोर्ड एकही चिप न बदलता उठून बसले. छंदिष्टांनी कंपनीच्या मदतीशिवाय हे केलं. पण अशी रीत वापरायला हातात सोल्डरिंग आयर्न धरणारा माणूस लागतो, आणि ट्यूबची नस ओळखणारी पिढी आता सत्तरीकडे झुकली आहे.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगतो. व्हेक्टर मॉनिटर, म्हणजे 'अ‍ॅस्टेरॉइड्स'सारख्या खेळांत रेषेनेच चित्र काढणारी जात, इथे जेमतेम चार पानांत उरकली आहे. सुतारकामाच्या भागात लेखकांचा हात सोल्डरिंगइतका स्थिर नाही आणि ते स्वतःच तसं कबूल करतात. किमती दिलेल्या नाहीत. आधी मला ती त्रुटी वाटली. नंतर लक्षात आलं की किमती दोन वर्षांत शिळ्या होतात, तपासण्याचा क्रम होत नाही. पुस्तकाची मांडणी म्हणूनच यंत्राच्या भागांप्रमाणे नसून लक्षणांप्रमाणे आहे: काय दिसतं, काय मोजायचं, मोजून काय मिळालं तर पुढे कुठे जायचं. जुन्या वैद्याच्या वहीसारखं ते वापरावं. सलग वाचायची गरज नाही, पण ट्यूबविषयीचा भाग मात्र झाकण उघडण्याआधी दोनदा वाचावा.

वाचकाला एकच विनंती. तुमच्या गावात, पेठेत, एखाद्या बंद पडत आलेल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात पिक्चर ट्यूब हाताळलेला मेकॅनिक अजून बसत असेल. कुठलाही भाग मागवण्याआधी हे पुस्तक घेऊन त्यांच्याकडे जा आणि तासभर त्यांच्या स्टुलावर बसा. त्यांना ठाऊक असलेलं बरंचसं या पुस्तकात नाही, आणि ते फार दिवस तिथे बसणार नाहीत.